बर्फ धरला नाही त्या वर्षीचा सामना

पाइक पॉइंट
११ फेब्रुवारी

ल्युसील,

माझं अक्षर बघून चहा सांडला असेल तर आधी पुसून घे, मग वाच. सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आताही हौसेनं लिहीत नाहीये. गावातल्या बायकांनी माझ्यावर ढकललं. म्हणाल्या, "तुझी सख्खी बहीण आहे, तूच लिही." सख्खी आहे हे मला कुणी सांगायला नको.

फोन का केला नाही म्हणशील. मागच्या वेळी फोन आधी तू आपटलास की मी, त्याचा निकाल अजून लागलेला नाही. पत्र आपटता येत नाही, एवढंच त्याचं बरं.

आता कामाचं. यंदा तळ्यानं बर्फ धरलेला नाही. ते तुलाही तुझ्या खिडकीतून दिसतंय. काठाला साय धरावी तसा बर्फ, मध्ये काळं पाणी. बर्फावरचा रस्ता उघडला नाही, ट्रक आले नाहीत, दुकानात बटाटे नाहीत. आणि मार्चातला आपला हॉकीचा सामना तळ्याच्या मध्यावर होणं तर सोडूनच दे. त्यावर पलीकडच्या काठावरून तुमच्या सेंट ओमेरच्या बायकांनी निरोप धाडला की सामना झाला नाही तर बक्षिसाची किटली मागच्या विजेत्यांकडेच राहते. म्हणजे तुमच्याकडे. वा ग वा! काठी हातात न धरता, नाक गार न होता, किटली तुमची!

आम्हाला हे मान्य नाही. सिमोननं तिच्या दुकानात तो टीव्हीवरचा हॉकीचा खेळ आणलाय. नाव इंग्रजीत चकाकतं, मी वाचायला जात नाही. तुमच्याकडेही तो आहे, मला माहीत आहे, तुमची पोरं दिवसभर तेच करतात. तर सामना त्याच्यावर होऊ दे. तुम्ही तुमच्या हॉलात, आम्ही आमच्या हॉलात, बिंगोचा मोठा पडदा लावून. गावातर्फे एकेक बाई. आमच्याकडून मी. इतकी वर्षं गोलात उभी राहिले, आता बसून उभी राहीन.

आणि अजून एक, हे बायकांनी सांगितलेलं नाही, माझं आहे. मेअखेरीस आई ऐंशीची होते. ती तुझ्याकडे गेल्यापासून मी तिकडे आले नाही आणि तू इकडे आली नाहीस. तू सगळ्यांना सांगतेस, "ओदेतला कुणी अडवलंय? दार उघडं आहे." माझं पण दार उघडं आहे. दोन्ही दारं उघडी आणि वारा तेवढा ये-जा करतो. तर तेही एकदाचं ठरवून टाकू. मी जिंकले तर वाढदिवस माझ्या घरी. तू आईला घेऊन आधी माझ्या दारात पाऊल टाकायचं. तू जिंकलीस तर मी येईन, कोपऱ्यात बसेन, तुझा तो कोरडा केक मुकाट गिळेन.

हो की नाही, तेवढं कळव. लांबण लावू नकोस.

ओदेत

२५ फेब्रुवारी

ल्युसील,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दीड ओळ. "हो. खेळणार मीच. तुला बटणं सापडतील का?" समोर दिसणाऱ्या गावातून ही दीड ओळ यायला विमानानं शहर गाठावं लागलं आणि पुन्हा उलटं यावं लागलं. एवढ्या प्रवासात चार शब्द जास्तीचे बसले असते.

बटणं सापडली. पहिल्या दिवशी नाही सापडली, खोटं कशाला बोलू. शाळा सातवीत सोडली ती बारीक अक्षरं वाचायला लागू नयेत म्हणून, आणि हा खेळ सुरू व्हायच्या आधी सात पडदे अक्षरं दाखवतो. मी डोळे मिटून हिरवं बटण दाबत राहते. एकदा त्यात मी चुकून कुठल्या तरी संघाची मालकीण झाले आणि कुणाला तरी विकून टाकलं. सिमोन म्हणाली, "अगं मावशी, तो त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू होता!" असेल. मला तो आळशी वाटला.

तू घमेंडीत राहू नयेस म्हणून मला त्या खेळातलं काय कळलंय ते सांगते. चांगलंही सांगते. चांगल्याला चांगलं म्हणायला मला पैसे पडत नाहीत.

आवाज खरा आहे. स्केटचं पातं वळताना बर्फ खरवडतं तो आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे दात आंबले. ज्यानं कुणी तो धरून आत घातला तो कधी तरी गारठलेला असणार.

दमणं खरं आहे. एकाच बाईला पळवत ठेवलं की तिचे पाय जड होतात आणि चकती तिच्या काठीवरून निसटते. वेळेवर तिला बाकावर बोलवावं लागतं. हे मला फार आवडलं. इथली पोरं एकाच शूराला मरेस्तोवर पळवतात आणि हरली की खेळाला शिव्या देतात.

आणि आपल्या बायका त्यात घालता येतात! चेहरा, उंची, पाठीवरचा आकडा, सगळं. आम्ही दोन दिवस हॉलात बसून सगळ्यांना घातलं. बेर्थ, आपली बेकरीवाली बेर्थ, जिनं एवढ्या वर्षांत तळ्यावर एक गोल मारलेला नाही, ती म्हणाली, "मला बारीक करा." मी म्हटलं, "आहेस तशी घाल ग हिला, समोरच्यांना वाट अडली पाहिजे." बेर्थ रुसली आणि सगळ्यांसाठी भाजून आणलेला बॅनक पाव परत घेऊन गेली. मग सिमोननं तिला थोडी बारीक केली. बॅनक परत आला.

आता वाईट ऐक. चाळिशीपुढची बाई त्यात होतच नाही. पांढरे केस नाहीत, सुरकुती नाही. माझा पुढचा दात पडलेला हवा होता, तोही मिळाला नाही. आम्ही सगळ्या त्यात आमच्याच मुलींसारख्या दिसतो. बर्फ तर असा की कुणी इस्त्री फिरवलीय. भेग नाही, उंचवटा नाही, वारा नाही. कुणाचं नाक गळत नाही. आणि ते दोन पुरुष जे वरून सारखे बोलत असतात, त्यांना एकूण वीस वाक्यं येतात. तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त आहेत, पण तरी. मी त्यांचा आवाज बंद करायला लावला.

सगळ्यात वाईट म्हणजे त्यातले गोली, गोल अडवणारे. बघायला छान, पाय पसरतात, हातमोजा झपकन वर. पण जाळ्याच्या मागून चकती घेऊन फिरून आलं आणि उलट्या बाजूनं टाकली की तो मठ्ठासारखा पहिल्याच खांबाला चिकटून राहतो. दर वेळी! दहा वर्षांच्या पोरीला पण ठाऊक असतं की नजर चकतीवर ठेवायची. हे तुझ्या पोरांना माहीत आहे आणि तुलाही कळलं असणार. तू ते करशीलच. कर. मी वाटच बघतेय.

आईला खोकला होता असं सिमोनला कुणी तरी सांगितलं. बरा झाला का? उत्तर दीड ओळीत दिलंस तरी चालेल.

ओदेत

९ मार्च

ल्युसील,

"खोकला गेला. मागून फिरून मारणं खेळात चालतं, मग मी का नको मारू?" वा, या वेळी दोन ओळी. प्रगती आहे.

मार. पण एक सांगते, मी गोली यंत्रावर सोडत नाही. एक खटका दाबून धरला की गोली आपल्या हातात येतो, हे पोरांना अवघड वाटतं म्हणून कुणी करत नाही. माझ्या पुढच्या बाकीच्या बायका मग यंत्र चालवतं, मी खांबापासून खांबापर्यंत एवढीच. मला तेवढंच येतं आणि तेवढंच पुरतं. काल सिमोननं जाळ्यामागून नऊदा मारायचं बघितलं. एकदा गेला, तोही वारा होता म्हणून. हो, वारा खेळात नाही, पण बाहेर इंटरनेटचा मनोरा हलला की चित्र अडखळतं. चकती इथे असते आणि डोळा मिटून उघडला की तिथे. हा दोष कुणाच्या माथी मारायचा ते मला कळत नाही, पण सामन्याच्या दिवशी वारा सुटला तर दोन्ही गावांना सारखाच सुटेल.

माझी खरी अडचण वेगळी आहे. तुला कळेल, दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

कुणी पडलं की माझे अंगठे थांबतात.

तळ्यावर कुणी आडवं झालं की आपण थांबतो. बापानं तुला आणि मला शिकवलं ते चालायच्या आधी. कुणी पडलं की काठी खाली, कान बर्फाला, सगळे जागच्या जागी. बाई उठली, हात वर केला, की मग पुढे. चकती कुठे का असेना. ती नुसती पडली का बर्फ फुटला, हे कळल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. आता या खेळात तर लोक पावलोपावली पडतात! आणि पडद्यावर कुणी पडलं की माझे हात मांडीवर. तेवढ्यात समोरचे गोल करून मोकळे. सिमोन डोक्याला हात लावते. "मावशी, खाली काँक्रीट आहे, कुणी बुडत नाही!" मला कळत नाही का? अंगठ्यांना कळत नाही.

तुझं काय होतं ग? तुमच्याकडे छपराखालचा बर्फ आहे, तुझी सवय मोडली असेल.

आईला सांग की सामन्याच्या वेळी दोन्ही हॉलांचा आवाज एकमेकांकडे ऐकू जाणार आहे, सिमोननं मधे टेबलावर माइक ठेवायचं ठरवलंय. माझा आवाज मोठा आहे. गोलीचा मोठाच असतो, मागून ओरडल्याशिवाय पुढच्यांना कळत नाही. आईला त्रास होत असेल तर तिला मागच्या खुर्चीत बसव.

ओदेत

१६ मार्च

ताई,

जिंकलो! जिंकलो! जिंकलो!

तुझ्या हॉलात काय झालं ते तू पाहिलंस. आता आमच्याकडचं ऐक, म्हणजे जेवण गोड लागेल.

अख्खा गाव आला होता. मूस हरणाचं कालवण तीन पातेली. पाद्री पण आला आणि बिंगोच्या खुर्चीत बसून त्यानं मला विचारलं, "ओदेत, प्रार्थना म्हणू का?" मी म्हटलं, "फादर, आधी समोरून हला, पडदा दिसत नाही." तुझे पहिले दोन गोल गेले तेव्हा फादर हॉलच्या दारात जाऊन उभे राहिले, अपशकुन आपलाच असं वाटून. मग आम्ही तीन मारले तरी बिचारे आत येईनात.

तू चांगली खेळलीस. हे एकदाच लिहीन. लाकडी कडेवर चकती आपटून ती परत आपल्याच काठीवर घ्यायची, हे तू छपराखाली शिकलीस. आमच्या तळ्याला कडाच नाहीत, बर्फाचे ढीग असतात, चकती त्यात गेली की अर्धं गाव फावडी घेऊन शोधतं. त्यामुळे ती कडेवरून परत येते हे आमच्या एकीच्याही डोक्यात नव्हतं. चारही गोल तू तसे मारलेस. आणि जाळ्यामागून फिरून जे सहा वेळा आलीस, त्यातला एक तरी गेला? एक? मी सारखी उलट्या खांबाला हजर! सहाव्या वेळी तुझ्या हॉलातून कुणी तरी मोठ्यानं शिवी दिली ती इथे सगळ्यांनी ऐकली. फादरनीसुद्धा. तुझाच आवाज होता.

चार-चार. घड्याळात मिनिट पण उरलं नव्हतं. मी गोली यंत्रावर सोडून पडद्यावरची सिमोन हातात घेतली, कारण आता गोल मारल्याशिवाय गती नव्हती. तू तुझ्या नऊ नंबरावर, स्वतःवरच. मधोमध दोघी धडकल्या आणि दोघी आडव्या.

आणि माझे हात मांडीवर.

इथे सगळा हॉल गप्प झाला, ताई. कुणी सांगितलं नव्हतं. पन्नास-साठ माणसं, पातेल्यातला डाव पण थांबला. आणि टेबलावरच्या माइकमधून तुमच्या हॉलाचा आवाज येत होता, तोही बंद. मला वाटलं तार तुटली. मग तुमच्याकडे कुणी तरी खोकलं, तेव्हा कळलं की तार शाबूत आहे, तुम्हीपण थांबलात.

तू थांबलीस. तुझी नऊ नंबर उठली होती, मी बघितलं. चकती तिच्यापासून हातभर. तू खटका दाबला नाहीस. सिमोन अजून आडवी होती म्हणून.

पण यंत्राला कुठलं आलंय तळं! तुझ्या आणि माझ्या बाकीच्या बायका फिरतच होत्या. आणि आमची बेर्थ, बारीक केलेली बेर्थ, मागून रमतगमत आली, चकती उचलली आणि तुझ्या गोलीच्या दोन पायांमधून सरळ आत.

मग जे झालं ते मला लिहिता येत नाही. खरी बेर्थ खुर्चीवर उभी राहिली आणि किंचाळली, "मी! मी मारला! मी!" खुर्ची मोडली. चार जणींनी तिला उचललं, दोघी पुढे दोघी मागे, आणि हॉलभर मिरवलं. कुणीतरी भोंगा वाजवला. कुत्री आत शिरली. फादर धावत आले आणि बेर्थच्या पायाला मिठी मारली, कारण तेवढाच भाग त्यांच्या हाताशी होता.

आणि त्या गोंधळात माइकमधून आई. मी तो आवाज शंभर माणसांत ओळखेन. "बेर्थनं मारला! अगं बाई, बेर्थनं!" आणि मग ती हसायला लागली, तिचं ते खालून वर चढत जाणारं हसणं.

मी जरा बाहेर गेले. हॉलात फार उकडत होतं.

किटली घासून ठेव.

ओदेत

३० मार्च

ताई,

मोठं पत्र आलं! चार पानं! हरल्यावर बरी लेखणी चालते तुझी.

तुझं म्हणणं वाचलं. दोघी खाली होत्या, तळ्याच्या नियमानं खेळ थांबलेला होता, म्हणून गोल धरू नये. आमच्या इथे पण दोघी-तिघींनी हेच म्हटलं. सिमोननं सुद्धा. तिला मी त्या दिवशी कालवण वाढलं नाही.

तर ऐक. तळ्याचा नियम माणसांना आहे. तू पाळलास, मी पाळला, माझे अंगठे कुठे होते ते सगळ्या गावानं पाहिलं. पण तुझा गोली थांबला होता का? तो पाय फाकून उभा होताच ना, अडवायला तयार? तुझ्या त्या दोन उंच पोरी बेर्थच्या मागे लागल्याच होत्या ना? त्यांनी बेर्थकडून चकती हिसकावून माझ्या गोलात घातली असती तर तू मला हेच चार पानी पत्र लिहिलं असतंस? खरं सांग.

हा त्या खेळाचा दोषच आहे, मी कधी नाही म्हटलं? माणूस पडलं तरी खेळ पुढे जातो. माझ्या मते त्याचा हा सगळ्यात मोठा दोष, त्या मठ्ठ गोलीपेक्षाही मोठा. पण तू आणि मी दोघींनी तोच खेळ मान्य केला, दोषासकट. आता बर्फ वाकडा होता म्हणून रडायचं नाही.

आणि पंच हवाच असेल तर तुझ्याच घरात बसलाय. आईला विचार. तिनं गोल म्हटलं, अख्ख्या दोन गावांनी ऐकलं. ती तळ्यावर आपल्या दोघींच्याही आधी उभी राहिली आहे. तिच्यापेक्षा तुला जास्त कळतं का?

तू थांबलीस हे मात्र मी इथे सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही.

ओदेत

२४ मे

ताई,

"आई म्हणते गोल होता. येतो." बस, एवढंच? पुन्हा दीड ओळीवर आलीस. पण या दीड ओळीबद्दल माझी तक्रार नाही. ती मी दुकानाच्या काचेवर चिकटवली आहे. लोक थांबून वाचतात.

तळं मोकळं झालं. काल शेवटचे तुकडे उत्तरेला गेले. घर तयार आहे. आईची खाट खिडकीशी लावली आहे, पाण्याच्या बाजूनं. पिकरेल मासा मी स्वतः पकडणार, तू आणू नकोस. बेर्थ केक करतेय, त्यावर साखरेची चकती आणि साखरेची बेर्थ काढणार आहे. मी म्हटलं, वाढदिवस आईचा आहे. ती म्हणाली, आईच्या शेजारी काढीन.

आता तू म्हणतेस तुझ्या नावेचं इंजिन दुरुस्तीला गेलंय, महिनाअखेरीस येईल, त्या नंतरच्या रविवारी निघू. ल्युसील, मी सहा वर्षं थांबले. एक रविवार थांबायची नाही. शुक्रवारी सकाळी वारा पडलेला असला की माझीच नाव घेऊन तुमच्या धक्क्याला येते.

पण ठरलं होतं ते ठरलं. आधी माझ्या दारात तू. म्हणून मी उतरणार नाही. नाव धक्क्याला लावीन, दोरी हातात धरून आतच बसेन आणि भोंगा वाजवीन. एक पाय सुद्धा तुमच्या फळीवर टाकणार नाही, साक्षीला सिमोन बरोबर आहे. आधी आईला नावेत उतरव, मग तिचं सामान, मग किटली, मग तू. चहा देऊ नकोस, आत ये म्हणू नकोस, काठावर बायका जमवू नकोस.

आणि आईला आधीच बजावून ठेव, मला वर बोलवायचं नाही. तिनं "ओदेत, ये ग वर" अशी हाक मारली, तर मग माझा काही नेम नाही.

ओदेत